देव्हाऱ्यातला पेन ड्राइव्ह

माझा नवरा नोकरी विमा कंपनीत करतो, पण घरात तो कॉम्प्युटर इंजिनीअर असतो. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत मिक्सर बंद पडला तरी आधी 'रीस्टार्ट कर' म्हणतो. त्यामुळे घरचा लॅपटॉप सुरूच होईना, तेव्हा दुकानाचं नाव काढायची सोय नव्हती. साहेबांनी व्हिडिओ पाहून निदान केलं: विंडोज नव्याने टाकायचं आणि त्यासाठी बूटेबल, म्हणजे ज्यावरून बंद लॅपटॉप सुरू करता येतो असा, पेन ड्राइव्ह बनवायचा.

ऑफिसच्या लॅपटॉपवर त्याने विंडोजची डिस्क इमेज उतरवून घेतली. इमेज म्हणजे कुणाचा फोटो, असं सासऱ्यांनी विचारलं, तर त्यांना व्याख्यान मिळालं. ती म्हणजे अख्खं विंडोज एका फाइलीत, ती नुसती कॉपी करून चालत नाही, खास प्रोग्रॅमने ड्राइव्हवर लिहावी लागते, वगैरे. व्याख्यात्याकडे पेन ड्राइव्ह मात्र नव्हता. घरात एकच होता, देव्हाऱ्याशेजारच्या स्पीकरला कायमचा खोचलेला. त्यात सासूबाईंनी म्हटलेल्या आरत्या होत्या. त्यांचा तेवढाच आवाज आमच्याकडे उरला होता. रोज दिवेलागणीला सासरे स्पीकर लावायचे आणि बायकोबरोबर टाळ्या वाजवायचे.

मी म्हटलं, आधी आरत्या दुसरीकडे काढून ठेव.

"अगं, ड्राइव्ह बत्तीस जीबीचा आहे, इमेज पाच-सहा जीबीची. आईला भरपूर जागा उरते."

दोन खोल्यांत तीन पिढ्या मावलेलं हे घराणं. जरा सरकून घेतलं की सगळे बसतात, यावर त्यांची श्रद्धा. ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं प्रोग्रॅमने स्वच्छ विचारलं, तेव्हा 'हे लोक उगाच घाबरवतात' म्हणत त्याने 'येस' दाबलं. लॅपटॉप सुरू झाला. साहेबांनी स्वतःचं कौतुक करून घेतलं आणि चहा मागितला.

संध्याकाळी सासऱ्यांनी दिवा लावला, ड्राइव्ह स्वतःच्या हाताने स्पीकरला खोचला आणि बटण दाबलं. आतली बाई इंग्रजीत 'यूएसबी मोड' म्हणाली आणि गप्प झाली. टाळीसाठी उचललेले हात तसेच ठेवून ते थांबले. मग पुन्हा बटण दाबलं.

रिकव्हर होतं, सॉफ्टवेअर असतं, असं नवरा पुटपुटू लागला. तो लॅपटॉप गॅलरीतून खाली भिरकावावा, असं मला मनापासून वाटलं.

"मग आता काय आहे यात?" सासऱ्यांनी विचारलं.

"विंडोज, बाबा."

त्यांनी निरांजन हातात घेतलं.

"बरं. मग तेच लाव," ते म्हणाले.