खलनायिकेच्या बाजूनं

घाटंजीत माझे ब्लाउज शिवणाऱ्या ताई मशीनला मोबाइल टेकवून जपानी चित्रकथा वाचतात. त्यांतल्या राजघराण्यांची भांडणं त्या मला माप घेताघेता सांगतात. त्यांचा जीव मात्र नेहमी खलनायिकेवर. "युवराजानं भर दरबारात साक्षगंध मोडलं, अन् वाईट कोण? पोरगी. काहून, तर तोंडावर बोलते."

परवा आमच्या गल्लीतल्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, नवरदेवाच्या मामानं 'मुलगी फार बोलते' म्हणून लग्न मोडलं. आम्ही सगळ्या माना खाली घालून बसलो. ताई उठल्या, दोन ताटं वाढून घेऊन मुलीशेजारी बसल्या.

"जेव बाप्पा," त्या म्हणाल्या. "अन् बोलत राह्य. मी आयकून राह्यली."

मुलगी आधी रडली, मग मामाच्या मिशांबद्दल काहीतरी बोलली. ताई इतक्या हसल्या, की मीही ताट घेऊन तिकडेच गेले.