नेल्बाची बादली

नेल्बा बेंतांकोर एकतीस वर्षं मोंतेविदेओच्या बसमध्ये कंडक्टर होती. ती निवृत्त झाली, पण तिचा आवाज काही निवृत्त झाला नाही. आमच्या माशांच्या मंडळातल्या कुणाची टाकी एका घरातून दुसऱ्या घरात न्यायची असली की दारात उभी राहून ती ओरडायची, "मागे सरका, मागे सरका! मागे जागा आहे!" आणि काचेची टाकी उचललेली चार माणसं मुकाट्यानं मागे सरकायची. मागे भिंत असली तरी.

माझ्यावर तिचे उपकार आहेत, हे आधीच सांगून टाकतो. उगाच शेवटपर्यंत ताणायचं कशाला? तिच्यावर मी चिडायचोही भरपूर, पण मी चिडतो सगळ्यांवरच. किल्ल्या बनवणाऱ्या माणसाकडे लोक येतात तेच मुळी वैतागून, त्यांची हवा मलाही लागली असेल.

नऊ वर्षांपूर्वी माझी बायको घर सोडून गेली. म्हणजे खरं तर मीच गेलो, घर तिचं होतं. दुकानामागच्या एका खोलीत राहायला लागलो. रात्री जेवताना समोर काहीतरी हलतं असावं म्हणून साठ लिटरची एक टाकी आणली, आरशासारखं लख्ख पाणी भरलं आणि सहा मासे सोडले. चार दिवसांत सहाही गेले. पुन्हा सहा आणले, तेही गेले. मासे विकणाऱ्यालाच माझी दया आली आणि त्यानं मला गुरुवारच्या मंडळाचा पत्ता दिला. एका फुटबॉल क्लबच्या कँटीनच्या मागच्या खोलीत ही मंडळी जमायची.

एका गुरुवारी तिथं जाऊन मी माझं रडगाणं गायलो. दुसऱ्याच दिवशी नेल्बा माझ्याकडे आली. काखेत येर्बाच्या चहाचा थर्मास आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून तिनं एक काळाकुट्ट ओला स्पंज काढला आणि मी काही बोलायच्या आत माझ्या टाकीत पिळला. पाण्याचं गटार झालं.

"बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" मी ओरडलो.

"तुझं पाणी फार स्वच्छ आहे, बिदेगाईन. म्हणून तर मेले बिचारे."

मग माझ्याच खुर्चीवर बसून तिनं समजावलं. मासे खातात, घाण करतात, त्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते विष खाऊन टाकणारे डोळ्यांना न दिसणारे जीव जुन्या फिल्टरच्या स्पंजात वाढतात. नव्या टाकीत ते नसतात, म्हणून ज्याची टाकी चांगली चालली आहे त्यानं आपला स्पंज दुसऱ्याला द्यायचा, अशी मंडळाची रीत.

"हा गाळ नाही, बाबा, हे बिऱ्हाड आहे," ती म्हणाली. "त्याला पाणी लागतं आणि हवा लागते. बाकी काही मागत नाही तुझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी निवळलं. त्यानंतर आणलेले मासे जगले. मी गुरुवारी जायला लागलो, आणि हळूहळू मीही जगलो, असं म्हणायला हरकत नाही.

नेल्बानं लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं की म्हणायची, "एकतीस वर्षं रोज हजार पुरुषांना मागे सरका म्हणत होते. एकालाही पुढे ये म्हणावंसं वाटलं नाही." ला तेखा भागात भाड्याच्या दीड खोलीत ती राहायची. त्यातली एक खोली तीनशे लिटरच्या टाकीची होती आणि अर्धी तिची. टाकीत एकच मोठा मासा, ज्याला आमच्याकडे पाण्यातली म्हातारी म्हणतात तो. काळसर, खवल्यांचं चिलखत घातलेला, तोंडानं काचेला चिकटून बसणारा. बावीस वर्षांपूर्वी शेवटच्या स्टॉपवर बस रिकामी झाली तेव्हा एका सीटवर पाण्याची पिशवी राहिली होती आणि तिच्यात बोटाएवढं हे पिल्लू. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, छत्र्या घेतो, मासे घेत नाही. नेल्बानं पिशवी घरी नेली. आता म्हातारी नेल्बाच्या कोपरापासून मनगटापर्यंत भरत होती.

गेल्या जुलैत ला तेखातलं ते घर विकलं गेलं. नेल्बाची धाकटी बहीण मिर्ता मालवीन भागात तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. तिकडेच जायचं ठरलं. गुरुवारी नेल्बानं आम्हाला सांगितलं, "एक टाकी हलवायची आहे. माझी."

इतक्या वर्षांत तिनं आमच्या प्रत्येकाची टाकी हलवली होती. तिची हलवायची वेळ कधी आलीच नव्हती.

"म्हातारीला या वयात प्रवास झेपेल की नाही, सांगता येत नाही," ती म्हणाली. "झेपला तर उत्तम. गेली तर मी दुसरी टाकी भरणार नाही. एकाहत्तराव्या वर्षी नव्यानं जीव लावायची ताकद नाही राहिली माझ्यात."

टाकी नाही म्हणजे गुरुवार नाही, हे तिनं सांगितलं नाही, पण आम्हा सगळ्यांना कळलं.

रविवारी सकाळी आठला आम्ही जमलो. वॉशिंग्टन पीरिस त्याचा गॅस सिलिंडर वाहायचा छोटा ट्रक घेऊन आला. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सुल्मानं म्हातारीला जाळ्यात न पकडता हातांनी, ओल्या टॉवेलात घेऊन पिंपात सोडलं. पिंपात बॅटरीवरचा हवेचा पंप बुडबुडत होता. टाकीतलं निम्मं पाणी चार ड्रमांत भरून घेतलं. फिल्टरचे बावीस वर्षांचे स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून एका पांढऱ्या बादलीत ठेवले. ही बादली माझ्या गाडीत जायची होती.

"झाकण उघडं ठेव, बिदेगाईन," नेल्बा म्हणाली.

"नऊ वर्षं झाली मला. माहीत आहे."

"माहीत आहे म्हणणाऱ्यांनाच सांगावं लागतं."

आता माझी गाडी काही नवी नाही, पण सीटची कव्हरं नवी होती. फिक्या राखाडी रंगाची. किनाऱ्याच्या रस्त्याला पहिल्याच वळणावर बादली डचमळली आणि काळ्या पाण्याचा एक ओघळ कव्हरावर आला. मी गाडी बाजूला घेतली, झाकण तळव्यानं दाबून गच्च बसवलं आणि कागदानं कव्हर पुसलं. वीस मिनिटांचा तर रस्ता, पोचलो की उघडू, असं मनाशी म्हटलं.

पोचलो तेव्हा वॉशिंग्टन जिन्यातून शिव्या देत होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टाकी अडकली होती. ना वर जाईना, ना खाली येईना. कठड्याचा लोखंडी खांब बरोबर चार बोटं आड येत होता.

"मागे सरका!" वरून नेल्बा.

"मागे शेजारणीचं दार आहे, नेल्बा!"

"मग तिला सांगा दार उघडायला!"

शेजारणीनं दार उघडलं, टाकीचं एक टोक तिच्या दिवाणखान्यात शिरलं, तरी वळण जमेना. शेवटी मी म्हटलं, थांबा, हत्यारं आणतो. गंजलेले बोल्ट होते, पन्नास वर्षं कुणी हात न लावलेले. एकेकाला तेल पाजून, ठोकून, विनवण्या करून मी कठडा सोडवला. साडेतीन तास लागले. टाकी वर गेली, मग कठडा परत बसवला, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना खाली उतरायचं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिर्तानं माझ्या तोंडात गरम तळलेली तोर्ता, आमच्याकडची मैद्याची पुरी, कोंबली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाला कुणी टाळ्या वाजवत होतं आणि मी अगदी फुगून गेलो होतो.

टाकी जागेवर बसली, पाणी भरलं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारे थेंब टाकले, हीटर लागला. तेव्हा नेल्बा म्हणाली, "चला, बिऱ्हाड आणा वर."

जिना उतरताना मला झाकण आठवलं. गाडी पाच तास उन्हात होती, काचा बंद. मी झाकण उचललं आणि सडक्या अंड्यांचा वास नाकात शिरला. स्पंजातले सगळे जीव गुदमरून मेले होते. बावीस वर्षं.

काय करावं? खोटं कसं बोलायचं ते मी त्या तीन मजल्यांत चार प्रकारे ठरवलं. वर पोचेपर्यंत एकही प्रकार पटला नव्हता. बादली जमिनीवर ठेवली. वास सगळ्यांना आला.

"झाकण कुणी लावलं होतं?" वॉशिंग्टननं विचारलं.

मी तोंड उघडलं.

"मीच लावायला सांगितलं त्याला," नेल्बा म्हणाली. "सांडेल म्हणून. म्हातारपण, दुसरं काय. सुल्मा, ही बादली संडासात ओत बघू, आणि स्पंज पिशवीत बांधून टाक."

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पिंपाशी जाऊन खाली बसली आणि पाण्यात हात घालून म्हातारीच्या पाठीवर ठेवला. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, तेच बरं होतं.

मिर्ता कंबरेवर हात ठेवून उभी होती. "एका घरात तीन म्हाताऱ्या झाल्या, तेव्हाच म्हटलं होतं मी की काहीतरी होणार," ती पुटपुटली, आणि लगेच आणखी तोर्ता तळायला निघून गेली. डोळे पुसायची तिची ती पद्धत होती.

मग सुल्मा कोट चढवून गेली. वॉशिंग्टन ट्रकची किल्ली घेऊन गेला. जाताजाता दोघांनी कुणाकुणाला फोन केले. तासाभरात जिना वाजायला लागला. सुल्मानं आपल्या फिल्टरचा अर्धा स्पंज मुरंब्याच्या बरणीत आणला होता. वॉशिंग्टननं अर्धा आणला तो चक्क स्वतःच्या येर्बाच्या थर्मासात. आमच्याकडे माणूस एकवेळ दात घासायचा ब्रश उसना देईल, थर्मास नाही. बुटिया भागातून एक म्हातारे गृहस्थ दोन बस बदलून आले, मांडीवर भिजलेली पिशवी घेऊन. पाच जण आले. अर्धा स्पंज दिला की ज्याच्या त्याच्या टाकीत आठवडाभर जिवाला घोर, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी घरी जाऊन माझा फिल्टर अख्खाच उचलून आणला. झाकण उघडं. सगळी सीट भिजली.

नेल्बानं फिल्टर उघडून पाहिला, सुरीनं स्पंज मधोमध कापला आणि निम्मा मला परत दिला.

"सगळा घे," मी म्हटलं.

"तुझ्या माशांनी काय बिघडवलंय माझं?" ती म्हणाली. "निम्मा. घरी जा आणि आधी हा लाव."

संध्याकाळी म्हातारीला टाकीत सोडलं. ती तळाशी एका कोपऱ्यात जाऊन पडून राहिली. पाणी तपासायचे थेंब टाकले की नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर विष. सोमवारी हिरवं झालं. मी दुकान बंद करून गेलो, निम्मं पाणी बदललं. मंगळवारी पुन्हा हिरवट, पुन्हा बदललं. म्हातारी कोपऱ्यातून हलत नव्हती, काकडीचा काप तसाच तरंगत होता. नेल्बा टाकीसमोर खुर्ची टाकून बसलेली. मी बादल्या वाहायचो आणि दर खेपेला मनात म्हणायचो, आता सांगतो, आता सांगतो. बुधवारी नळी पिवळी राहिली. गुरुवारी सकाळी नेल्बाचा फोन आला. "काकडी खाल्ली," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी दुकानात कोरड्या डोळ्यांनी उभा होतो असं मी सांगणार नाही.

त्या संध्याकाळी नेल्बा मंडळात आली, दोन बस बदलून, काखेत थर्मास. सगळे आपापली खुर्ची ओढत होते, तेव्हा मी उभा राहिलो.

"झाकण मी लावलं होतं," मी म्हटलं. "नेल्बानं उघडं ठेव असं सांगितलं होतं. माझ्या सीटवर डाग पडत होता म्हणून लावलं, आणि मग कठड्याच्या नादात विसरलो."

कुणी दचकलं नाही. वॉशिंग्टननं बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला.

"कुलूपवाल्या," तो म्हणाला, "नेल्बा कुणाला झाकण लावायला सांगेल? आम्ही काय काल जन्मलो का?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच वेळी," सुल्मा म्हणाली. "पण तिनं एकदा ठरवलं की तिनं सांगितलं होतं, मग तिनंच सांगितलं होतं."

मी नेल्बाकडे वळलो. माफी मागायची होती, आभार मानायचे होते. ती येर्बात गरम पाणी ओतत होती.

"पुढच्या रविवारी वॉशिंग्टनची टाकी त्याच्या सासऱ्याच्या घरी जाते आहे," ती म्हणाली. "सकाळी आठ वाजता. ट्रकमध्ये टाकी आणि पिंपं. बादली बिदेगाईनच्या गाडीत."

वॉशिंग्टननं मान हलवली. "हो, त्याच्याच गाडीत," तो म्हणाला आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

नेल्बानं मला येर्बाचा पेला दिला. झाकणाबद्दल ती एक शब्दही बोलली नाही.