खालून कापलेला परिच्छेद

आमच्या दैनिकातील आरोग्य पुरवणीच्या प्रमुखांनी दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी दुपारी राजीनामा दिला. कारण म्हणून त्यांनी 'वैयक्तिक' एवढा एकच शब्द लिहिला होता. संपादकांनी तो संध्याकाळी स्वीकारला. मधल्या वेळेत प्रमुखांनी त्या आठवड्याची पुरवणी पूर्ण करून छपाईला पाठवली.

ती पुरवणी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल, पण त्यांचे नाव कोणाला आठवणार नाही, कारण ते कधी छापले जात नसे. शहर पानाचे काम करताना मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसत असे. त्यांच्या हातात नेहमी लाल बॉलपेन असायचे. मजकूर संगणकावर यायला लागून कितीतरी वर्षे झाली होती, तरी ते प्रत्येक लेखाची छापील प्रत काढून घेत आणि ती वाचायच्या आधीच पेनाचे टोपण काढून ठेवत. खोडण्यासारखे काही सापडणारच, याबद्दल त्यांना शंका नसे.

'रामबाण', 'किमया', 'वरदान' हे शब्द त्यांच्या पानावर कधी आले नाहीत. नव्या मुलांनी 'संशोधनानुसार' असे लिहिले की ते विचारत, "कुठलं संशोधन? त्याला काही पत्ता आहे का?" एका मुलीने घाबरून 'हो सर' म्हटले. "सर शाळेत असतात. इथे पत्ता सांगा," ते म्हणाले. 'बरे होते' हे त्यांना चालत नसे. ते खोडून तिथे 'काहींना आराम पडतो' असे लिहीत. जाहिरात विभागातील एक गृहस्थ तांब्याच्या कड्याने गुडघा कसा बरा झाला ते कँटीनमध्ये सांगत होते. ते गृहस्थ त्याआधी महिनाभर रजेवर होते. यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "कड्याने नाही, रजेने." मग कप उचलून बेसिनपाशी ठेवून आले.

पूर्वी आरोग्यासाठी रविवारी एक सदर असे. हिंजवडीत कंपन्या आल्या, बिल्डर आले, दवाखान्यांच्या साखळ्या आल्या आणि त्या सदराची चार गुळगुळीत पाने झाली. त्या पानांवर आधी जाहिराती बसत आणि उरलेल्या जागेत मजकूर. जाहिरात ऐनवेळी वाढली तर मजकूर कापायचा. तो कसा कापायचा हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यातच शिकवतात. महत्त्वाचे वर असते, म्हणून खालून कापायचे.

एका पावसाळ्यात लाल प्रकाशाच्या उपचारांचे पेव फुटले. केसांसाठी टोप्या, चेहऱ्यासाठी मुखवटे, गुडघ्यांसाठी दिव्यांचे पॅनेल. बुधवार पेठेतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ते मोबाइलच्या चार्जरशेजारी टांगलेले असत. प्रमुखांनी शहरातील एका डॉक्टरबाईंकडून लेख मागवला. जाहिरात विभागाने सुचवलेले शीर्षक त्यांनी खोडले आणि 'लाल प्रकाश : काय सिद्ध, काय नाही' असे दिले.

लेख चोख होता. विरळ केसांमध्ये काही प्रमाणात वाढ दिसते. गुडघेदुखीत व्यायामाच्या जोडीने काहींना आराम पडतो, तोही काही काळ. कर्करोगाच्या उपचारांमुळे तोंडात जखमा होतात, त्यांच्यावर या प्रकाशाचा उपयोग होतो आणि त्याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. वजन, मधुमेह, नजर यांच्याबाबत केलेल्या दाव्यांना आधार नाही. शेवटच्या परिच्छेदात बाईंनी लिहिले होते की तोंडातली किंवा अंगावरची जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर तिच्यावर प्रकाश घेऊ नये, आधी डॉक्टरांना दाखवावे. डॉक्टरच त्या. चिठ्ठीवर सूचना शेवटी लिहायची सवय.

संध्याकाळी खालच्या कोपऱ्यातील जाहिरात वाढून आली. ती लाल दिव्यांच्याच एका विक्रेत्याची होती. प्रमुखांनी मजकूर खालून कापला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंचा फोन आला. शेवटचा परिच्छेद कुठे गेला, असे त्या विचारत होत्या. जागा नव्हती, पुढच्या आठवड्यात चौकट करून टाकतो, असे त्यांनी सांगितले. पुढच्या आठवड्यात गणपतीची पाने होती, मग नवरात्रातील खरेदीची. चौकट तयार होऊन संगणकात पडून राहिली.

प्रमुखांची थोरली बहीण बिबवेवाडीत राहत असे. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली होती, मुलगा सॉफ्टवेअर कंपनीत होता. बाकीचा पेपर त्या चाळून बाजूला ठेवत. भावाचे पान मात्र चष्मा पुसून वाचत आणि शेजारणींना सांगत, "आमच्या बाळच्या हाताखालून गेलंय, म्हणजे खरं असणार." लेख वाचून मुलाने त्यांच्या गुडघ्यांसाठी दिवा मागवून दिला. गुडघ्यांना खरोखर बरे वाटू लागले. त्या रोज सकाळी सोफ्यावर बसून प्रकाश घेत.

भाऊबीजेला ते नेहमीप्रमाणे तिकडे जेवायला गेले. पुढचे मला त्यांच्या भाच्याने सांगितले. नंतर त्यांनीही त्यातले काही नाकारले नाही. ओवाळून झाल्यावर ताट वाढले गेले. ताईंनी आपली चकली दुधात कुस्करली. दात दुखतो का, असे भावाने विचारले. दात नाही, गालाच्या आत जरा फोड आहे, पण आता ठणका कमी आहे, दिवा तोंडापाशी धरते, असे ताई म्हणाल्या. कधीपासून, तर गौरींच्या आधीपासून. ताई लग्नाआधीपासून तंबाखूची मिश्री लावत होत्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते.

त्यांनी ताईंना खिडकीपाशी नेले आणि तोंड उघडायला सांगितले. पुरते उघडले नाही.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"अरे, तुझ्याच पानात होतं. तोंडातल्या जखमांना सगळ्यात जास्त गुण येतो म्हणून."

"त्या कर्करोगाच्या उपचारांतल्या जखमा, ताई. तसं लिहिलं होतं."

"जखम ती जखमच ना रे," ताई म्हणाल्या. "आणि यात काही वाईट असतं तर तू तसं लिहिलं असतंस की."

त्यांनी भाच्याला गाडी काढायला सांगितली. ताट तसेच राहिले.

तपासणीत कर्करोग निघाला. तो बराच पुढे गेला होता. दिव्यामुळे तो वाढला, असे डॉक्टरांनी म्हटले नाही. दुखणे कमी झाल्यामुळे दाखवायला उशीर झाला, एवढेच म्हटले.

प्रमुख कामावर आले आणि संगणकातील चौकट काढून तिच्यावर 'दुरुस्ती' असे शीर्षक दिले. ती घेऊन ते संपादकांकडे गेले. केबिनचे दार उघडे होते, त्यामुळे संभाषण आम्हाला ऐकू आले. संपादक त्यांच्याहून बरेच तरुण होते आणि त्यांच्याशी आदराने बोलत.

"अहो, पण यात चूक कुठली आहे? छापलेल्या लेखातलं एखादं वाक्य खोटं आहे का?"

"नाही."

"मग दुरुस्ती कशाची करायची? जे छापलं ते बरोबर आहे. जे छापलं नाही त्याची दुरुस्ती आपण कशी देणार? आणि तो जाहिरातदार आता वर्षभराच्या करारावर आलाय. तो विचारेल, अचानक काय झालं म्हणून."

"दुरुस्ती नको. चौकट म्हणून द्या."

"बघू. जागा झाली की."

जागा झाली की म्हणजे काय, हे त्या मजल्यावर त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. दोन आठवडे ते रोज विचारत राहिले. मग तो मंगळवार आला.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटलो. ताईंना रेडिएशन सुरू होते आणि त्यामुळे तोंडभर जखमा झाल्या होत्या. रुग्णालयात त्यांवर लाल प्रकाशाचा उपचार देत. यंत्र रुग्णालयाचे, मात्रा ठरलेली, शेजारी प्रशिक्षित माणूस. ते बाहेर बाकावर बसले होते. हातात पेन नव्हते. गुण येतोय का, असे मी विचारले.

"येतोय," ते म्हणाले. "काल तिने अर्धी वाटी पेज घेतली. लेखात होतं तसंच. शब्दन् शब्द."

मी काही सांत्वनाचे बोलायला लागलो, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि शहर पानाची जाहिरात किती वाढली आहे, असे विचारले. मी सांगितले. त्यांनी मान हलवली. आतून ताईंची हाक आली तेव्हा ते उठले, चपला बाहेर काढून आत गेले. त्यानंतर ते आमच्यापैकी कोणाला भेटले नाहीत. फोन भाचा घेत असे आणि मामा बोलायला तयार नाहीत, असे नम्रपणे सांगत असे.

ताई उन्हाळ्यात गेल्या. भाच्याने निधनवार्ता आमच्याच कार्यालयात आणून दिली. ती छापून आली तेव्हा त्यात ताईंचे वय चुकले होते. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर त्याची दुरुस्ती प्रसिद्ध झाली.