पाचवी पंच

आई जाऊन चार महिने झाले. तिच्याबद्दल लिहायला बसते, तेव्हा दर वेळी दुष्काळातली ती दुपारच आधी आठवते.

आमचं गाव शनिशिंगणापूरच्या शिवेलगत. तिथल्यासारखीच आमच्याकडेही घरांना दारं नव्हती. चौकटीत नुसता पडदा. त्या वर्षी विहिरीवरून वरच्या आणि खालच्या वस्तीत काठ्या चालल्या, डोकी फुटली. शेवटी देवळासमोर समझोता झाला. भांडण तालुक्याच्या कोर्टात न्यायचं नाही, गावानंच पंच नेमायचे, निकाल सगळ्यांनी पाळायचा. दोन पंच वरचे, दोन खालचे. पाचवी आई, कारण आम्ही कुठल्याच वस्तीचे नव्हतो. वडील मास्तर म्हणून बदलून आले आणि इथंच वारले.

पहिलंच प्रकरण कुंपणाचं. वरच्या वस्तीतल्या एका बागाईतदारानं विहिरीची वाट बाभळीच्या काट्यांनी अडवली होती. वाट माझ्या रानातून जाते, असं त्याचं म्हणणं. खालच्या बायकांना हंडे घेऊन मैलभर वळसा पडे. चौघे पंच दोन-दोन झाले. आई म्हणाली, कुंपण काढावं लागेल.

मागून कुणीतरी बोललं, "मास्तरीणबाई, घराला दार न्हाई तुमच्या. जपून ऱ्हा."

काही जण हसले. बागाईतदार हसला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

दोन दिवस मी शाळेत गेले नाही. पुस्तक उघडून पडद्याकडे बघत बसायची. वाऱ्यानं तो हलला तरी उठून उभी राहायची. आमच्याकडे बाहेरून हाक देऊनच पडदा सारतात. तिसऱ्या दुपारी तो हाक न येताच सरला. बागाईतदार उभा होता, खांद्यावर कुऱ्हाड.

मी आईचा दंड धरला.

"काटं तोडाया निघालोय," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "भाऊबंद आडवं येनार. तुमी समूर उभं ऱ्हा. निकाल तुमचा हाय."

आईनं माझी बोटं सोडवली, पदर डोक्यावर घेतला आणि त्याच्या मागून गेली. मला घरीच थांबायला सांगितलं.

लांबून घाव ऐकू येत होते. मग बायका-पुरुषांचा गलका झाला आणि घाव थांबले. किती वेळ, ते आजही सांगता येणार नाही. पुन्हा सुरू झाले, तेव्हा मी चौकटीला धरून उभी होते.

ऊन उतरल्यावर आई परतली. वाट मोकळी झाली, एवढंच म्हणाली. पाणी मागितलं. मी तांब्या तिच्या ओठांना लावला.