डब्यांच्या कड्यांना बांधलेल्या गाठी

कुडव्याचा झामसिंग पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि अख्ख्या गोंदियात कुणाला माहीत नव्हतं की त्याला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. माहीत होतं ते फक्त त्याच्या बायकोला, कुंताला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला, १९९९ साली, त्याने मोठ्या हौसेने हिरवी म्हणून आणलेली साडी निघाली विटकरी. कुंता आधी पोट धरून हसली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि तिला सगळं उमगलं. ही गोष्ट तिने सख्ख्या भावालाही सांगितली नाही. बाईच्या पोटात काही राहत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा कुंताला भेटावं.

तेव्हापासून पाटीचे रंग तीच निवडायची. लोंबीवर आलेल्या धानाकडे, शेताच्या बांधाकडे बघून म्हणायची, "हा पिवळा, हा पोपटी, अन् त्याच्या बाजूले धुऱ्यावरच्या मातीचा. आणखी नोको, मंग रंग आपसात भांडतेत." रंग कालवून झाले की डब्यांच्या कड्यांना दोरा बांधायची. लालाला एक गाठ, हिरव्याला दोन. कुठला रंग फिका ठेवायचा, कुठला गडद, हे मात्र झामसिंगचं. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दोघांची मिळून पाटी अशी उतरायची, की रस्त्याने जाणारा सायकल थांबवून बघायचा.

२००४ साली कोहमाऱ्याच्या हिरालालने आपल्या नव्या ढाब्याची दर्शनी भिंत त्याला दिली. निळ्या भिंतीवर भलीमोठी जेवणाची थाळी काढायची होती. काम साधलं तर हायवेवरचे बाकीचे ढाबेही मिळणार होते. फसलं तर इतकी वर्षं झाकलेलं उघडं पडून धंदाच बसणार होता. नेमकी कुंता भाचीच्या लग्नाला माहेरी निघालेली. जाताना तिने डब्यांना गाठी बांधून दिल्या, पण एसटीच्या गर्दीत पिशवी घासून दोरे कुठे गळून पडले कोण जाणे. कुणाला विचारायची झामसिंगची छाती झाली नाही. त्याने अंदाजाने ब्रश चालवला.

हिरालाल आला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"झामसिंग, तर्री हिरवी काऊन? अन् वरचा सांबार लाल?" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. "हे पाहून ट्रकवाले जेवाले येतीन का पळून जातीन?"

झामसिंगने ब्रश खाली ठेवला. थाप मारायला जीभ वळेना.

"सेठ, मले लाल-हिरवा समजत नाही. रंग माही बायको निवडते. आतापावेतो लोकाइले आवडले थे रंग तिचेच."

हिरालालने पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग तिले घेऊन ये. भिंत कुठी पळून नाही जाऊन राहिली."

कुंता आली. या खेपेला ती हसली नाही. तिने रंग नव्याने कालवले, तर्री लाल झाली, सांबार हिरवा झाला. शेवटी झामसिंगने रिवाजाप्रमाणे कोपऱ्यात आपलं नाव लिहिलं आणि थांबला.

"तुह्यं नाव कोणत्या रंगात लिहू?"

"माह्यं कायले?" कुंता लाजली. मग तिने पिवळ्याचा डबा पुढे सरकवला. "यानं लिवा. निळ्यावर पिवळा तुमाले बराबर दिसते."

पुढे फ्लेक्स आले, हाताच्या पाट्या गेल्या. ती भिंत मात्र हिरालालने तशीच ठेवली. कोहमाऱ्यावरून जाताना झामसिंग आजही एसटीत खिडकीशी बसतो. तर्री लोकांना कशी दिसते, त्याला ठाऊक नाही. कोपऱ्यातलं कुंताचं नाव मात्र त्याला जगाला दिसतं तसंच दिसतं, आणि तो मनोमन त्या नावाला हात जोडतो.