रमची बाटली आणि माझं सोळावं वर्ष: नगर ते राजूर

डिसेंबरच्या सुरुवातीला ॲग्नेसचा राजूरहून फोन आला. "नाताळला ये, पण यंदा केक कोरडाच असेल. रम नाही घालणार."

"का?"

"आणणार कोण? फ्रान्सिस नाही ना आता."

फ्रान्सिस तिचा नवरा. त्याच वर्षी जुलैमध्ये गेला. दर नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो गरम केकवर चमच्याचमच्याने रम सोडायचा आणि उरलेल्यातून आम्हा तिघांना एकेक घोट मिळायचा. बाटली आणायचं काम त्याचं. वर्तमानपत्रात गुंडाळून, काखेत धरून, चोरी केल्यासारखा चेहरा करून आणायचा.

ॲग्नेस आणि मी नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसून मोठ्या झालो. ती नर्स झाली आणि अकोले तालुक्यातल्या दवाखान्यांत तिने हयात घालवली. मी टेलिफोन खात्यात चिकटले आणि ट्रंक कॉल जोडता जोडता सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. दोघींना पेन्शन, दोघींना पाय, दोघींना तोंड. आणि बाटली आणायला पुरुष नाही म्हणून केक कोरडा!

"मी आणते," मी म्हणाले.

"तू?" ॲग्नेस हसली. जुलैनंतर ती हसलेली मी पहिल्यांदाच ऐकली. आता शब्द मागे घेणं शक्य नव्हतं.

ही हकीकत नव्वदच्या दशकातली, मतदार ओळखपत्रं नुकतीच वाटली होती तेव्हाची. त्यामुळे भाडी आणि भाव सांगत बसत नाही. रस्ता तोच आहे. खड्ड्यांनी जागा बदलल्या असतील.

तेवीस तारखेला सकाळी तारकपूर स्टँडवरून लोणीमार्गे जाणारी नाशिक गाडी पकडली. तुम्ही जाणार असाल तर डाव्या बाजूची खिडकी धरा, उजवीकडे ऊन पार कोल्हारपर्यंत पाठ सोडत नाही. बाटली नगरलाच का घेतली नाही, असं पुढे बऱ्याच शहाण्यांनी विचारलं. ज्यांनी हा प्रवास एसटीने केला आहे ते विचारणार नाहीत. त्या गाडीत माझे दात शाबूत राहिले हेच पुष्कळ, काचेची काय कथा! संगमनेरला गाडी बदलायची होती, तिथे घेऊ, असा बेत होता.

राहुरीच्या पुढे गळीत हंगाम रस्त्यावर उतरलेला. उसाचे ट्रॅक्टर, उसाच्या बैलगाड्या, मागून उसाची कांडी ओढणारी पोरं. कारखाना जवळ आला की मळीचा वास गाडीत शिरतो आणि उतरायचं नाव घेत नाही. रम याच मळीपासून होते. जिल्हाभर मळीचा वास दरवळतो त्याची कुणाला लाज नाही. लाज वाटते ती बाईने बाटली मागितली की. कोल्हारला खिडकीतून तिखटमीठ लावलेले पेरू घेतले. ते मात्र उत्तम होते, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

संगमनेरला उतरले. स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागा, नाहीतर ते तुम्हाला विचारणारही नाहीत. राजूरच्या गाडीला वेळ होता. मग पदर नीट केला, पर्स काखेत घेतली आणि वाईन शॉपकडे वळले.

दुकान म्हणजे लोखंडी जाळी, जाळीला मांजर जाईल एवढी खिडकी आणि खिडकीपाशी पुरुषांची झुंबड. मला पाहून झुंबड आपोआप दुभंगली. आदराने नव्हे. मी कुणाची तरी आई किंवा बायको असेन आणि आता कुणाचा तरी कान धरला जाईल, या भीतीने.

"एक रम द्या."

आतला मालक, टिळा लावलेला गृहस्थ, माझ्या मागे कोण उभं आहे ते पाहू लागला. माझ्याबरोबर कोणीच नव्हतं.

"कोणाला पाहिजे, मावशी?"

"मला."

"क्वार्टर, हाफ का खंबा?"

मी टेलिफोन खात्यातली. मला खांब तारांचेच माहीत. "अख्खी बाटली," मी म्हणाले. मागून कोणीतरी "लई भारी!" म्हणालं.

मालकाचा हात बाटलीपर्यंत गेला आणि परत आला. "परमिट आहे का?"

माझ्याआधी तिघांनी बाटल्या नेल्या होत्या. त्यातल्या एकाला तर स्वतःच्या चपला सापडत नव्हत्या. "या तिघांची परमिटं पाहिलीत?"

"ते रोजचे आहेत."

"म्हणजे रोज पितो त्याला परवाना लागत नाही. वर्षातून एकदा केकवर चार चमचे घालणाऱ्या बाईला लागतो."

"मावशी, मागच्या महिन्यात अशाच एक बाई आल्या होत्या. असाच चष्मा, अशीच पर्स. मी बाटली दिली आन् बाहेर एक्साइज खात्याचे साहेब उभे! तवापासून नवीन माणसाला कागदाशिवाय देत नाही." मग आवाज मऊ करून म्हणाला, "एक दिवसाचं परमिट इथंच फाडतो. फक्त वयाचा पुरावा द्या. पंचवीसच्या वर पाहिजे."

मी चष्मा काढला. पदर डोक्यावरून मागे सारला. माझे केस तेव्हाही जाळीबाहेरच्या चुन्याच्या भिंतीपेक्षा पांढरे होते. "काय वाटतं तुम्हाला? चोविसाव्या वर्षी पिकले असतील?"

"मला वाटून काय उपयोग? चेकिंग आलं तर मी कागद दाखवणार. तुमचे केस थोडेच दाखवणार हाय?"

या देशात लग्न अठराव्या वर्षी करता येतं आणि रम पंचविसाव्या वर्षी मिळते. म्हणजे नवऱ्याबरोबरची पहिली सात वर्षं बाईने शुद्धीत काढायची, असा कायदा करणाऱ्यांचा विचार असावा. तरी मी कायदा मानणारी आहे. पर्समधून नवंकोरं मतदार ओळखपत्र काढून खिडकीतून आत सरकवलं.

मालकाने ते जवळ धरलं, लांब धरलं, उजेडात नेलं. मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मलाच शंका आली, मी कोण म्हणून.

"मावशी, यात सोळा लिहिलंय."

सोळाच होतं. माझं वय एकसष्ट, आणि टाइप करणाऱ्या महाभागाने आकडे उलटे मारले होते. फोटो तर असा की ओळखपत्र नव्हे, फरारी आरोपीची नोटीस वाटावी. म्हणून मी ते मिळाल्यापासून नीट पाहिलंच नव्हतं. सोळा वर्षांच्या मुलीला सरकारने मतदानाचा हक्क दिला होता, आणि तिचे केस पांढरे का, हा प्रश्न कोणत्याही सहीशिक्क्याला पडला नव्हता.

"सोळा!" मागे हशा पिकला. पटका बांधलेला एकजण पुढे वाकून म्हणाला, "आज्जी, लगीन झालं का मग?"

"नाही झालं. तुझ्यासारखे बघायला यायचे, म्हणून राहिलं."

आता हशा त्याच्यावर उलटला. पण बाटली जाळीच्या आतच होती. मी पर्स उपसली. एक कागद निघाला: हयातीचा दाखला. पेन्शन घेणाऱ्यांना माहीत असेल, दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असं लिहून, सही ठोकून द्यावं लागतं. त्याची माझी प्रत.

मालकाने तोही प्रामाणिकपणे वाचला. "यात वय नाही. तुम्ही जित्या हायेत एवढंच लिवलंय."

माझी आयुष्यभराची कमाई त्या फळीवर मांडलेली होती. मी जिवंत आहे याला पुरावा होता. मी म्हातारी आहे याला नव्हता.

दाखले मागणारे मला नवे नाहीत. माझ्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला, तेव्हापासून घरात धान्याच्या डब्यांपेक्षा दाखल्यांच्या फायली जास्त. नोकरीला लागताना दाखला मागितला, बढतीला मागितला. भाड्याची खोली बघायला गेले तर घरमालकिणीने आधी आडनाव विचारलं, मग खोली रिकामी नसल्याचं सांगितलं. तिला कागदसुद्धा लागला नाही. मी प्रत्येकाला हवा तो पुरावा दिला, ताठ मानेने दिला. पण सोळा नाही हे सिद्ध करायची वेळ एकसष्टाव्या वर्षी यावी, ही या राज्याची खास करामत.

पटकेवाला आता वरमला होता. "द्या पैसे आज्जी, मी घेऊन देतो. मला काय मागत न्हाईत."

"न्हाई मागणार," मालकानेही मान डोलावली. "यांच्या हातात देतो, तुम्ही बाहेर घ्या. झालं."

झालं! कायद्याचं समाधान झालं, दुकानदाराचं झालं, मधे फक्त एक पुरुष उभा करायचा. ॲग्नेसला मी काय सांगणार होते? बाटली आणली, पण एका पटक्याच्या हातून? तिचं "आणणार कोण" खरंच ठरलं असतं.

"नको," मी म्हणाले. कागद गोळा केले आणि रिकाम्या हाताने राजूरच्या गाडीत बसले.

अकोल्यापर्यंत मी बाहेर पाहिलं नाही. विठ्याच्या घाटात गाडीने वळणं घेतली आणि समोर निळे डोंगर उभे राहिले तेव्हा नाइलाजाने पाहिलं. डोंगर सुंदर आहेत. मी त्या दिवशी नव्हते. राजूरला पोचलात तर पेढे घ्या. ते घ्यायला वय विचारत नाहीत.

ॲग्नेस स्टँडवर आली होती. पांढरी साडी, खांद्यावर शाल, पाच महिन्यांत अर्धी झालेली. तिने माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि ती उचलून घराकडे चालू लागली. घरी चुलीपाशी उद्याच्या केकसाठी वाळूचं पातेलं तयार ठेवलेलं होतं. तिथे चुलीपुढे बसून मी तिला सगळं सांगितलं आणि ओळखपत्र हातात दिलं. वाटलं, हसेल.

ती हसली नाही. "हसले तुला?"

"हसू दे ग. मीही सोडलं नाही त्यांना."

"आणि मी इथे बसून म्हणते, आणणार कोण." तिने ओळखपत्र दोनदा उलटसुलट केलं. "मला लाज वाटायची, खरं सांगू? सगळा तालुका मला सिस्टर म्हणतो. सिस्टर दारूच्या दुकानात कशी दिसेल, म्हणून फ्रान्सिसला पाठवायची. तो बिचारा कागदात लपवून आणायचा ते माझ्यासाठी." मग उठून तिने कपाटातून स्वतःचं ओळखपत्र काढलं. त्यावर वय बरोबर होतं. "उद्या अकोल्याला जाऊ. मी घेणार. तू नुसती उभी राहा."

चोवीस तारखेला पहिल्या गाडीने गेलो. अकोल्याच्या दुकानालाही तशीच जाळी, तशीच खिडकी. ॲग्नेस समोर येताच रांगेतल्या एकाने बाटली पाठीमागे लपवली.

"पाहुण्यांसाठी हाय, सिस्टर."

"तुझ्या लिव्हरचे पाहुणे का रे?"

आतला माणूस अर्धा उठून उभा राहिला. "सिस्टर! तुमी कशाला आला? निरोप धाडला असता तर घरी पोचती केली असती." रम मागताच त्याने बाटली काढली आणि वर्तमानपत्र ओढलं.

"परमिट नाही मागणार?" ॲग्नेसने विचारलं.

"तुमाला कोन परमिट मागतंय, सिस्टर!"

"हिला काल मागितलं संगमनेरात. एकसष्ट वर्षांची आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "ह्यांना आमी वळखत न्हाई ना."

"मग मलाही ओळखू नकोस. वय बघ, परमिट फाड. माझ्या नावावर."

त्याने कार्ड घेतलं, पुस्तक शोधलं, धूळ झटकली. बॉलपेन उमटेना, ते रांगेतल्या एकाने दिलं. ॲग्नेस एकेक ओळ वाचून भरून घेत होती. एका ओळीवर थांबली आणि मला म्हणाली, "बघ, काय छापलंय. मद्य कशासाठी, तर प्रकृतीच्या रक्षणासाठी! आयुष्यभर या तालुक्याला सांगत आले, ही प्रकृतीला वाईट. आता सरकार माझ्याकडून सही घेतंय, चांगली म्हणून."

आणि ती हसू लागली. जाळीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रांग आधी बिचकली, मग तीही हसली. या हसण्यात मला कोणाचा राग आला नाही.

दुकानदार बाटली गुंडाळू लागला. "कागद नको," ॲग्नेस म्हणाली. बाटली तिने कापडी पिशवीत उभी ठेवली, मान बाहेर. तशीच ती आमच्या मांडीवर बसून राजूरपर्यंत आली. कंडक्टर पिशवीकडे बघून म्हणाला, "सिस्टर, तिसऱ्याचं तिकीट?"

"ती परमिटवाली आहे," ॲग्नेस म्हणाली.

संध्याकाळी केक वाळूतून निघाला. पहिला चमचा तिने सोडला, दुसरा मी. नंतर तीन ग्लास मांडले. तिसऱ्यातलं शेवटी केकवर ओतलं.

भंडारदऱ्याविषयी लिहायचं राहिलं. सव्वीसला गेलो, जीपने. धरण, पाणी, बोचरी थंडी, सगळं आहे, सोबत स्वेटर ठेवा. काठावर मुंबईहून आलेली पोरं बाटल्या घेऊन बसली होती. त्यातल्या निम्म्यांना मिशी फुटली नव्हती. त्यांना कोणी काही विचारलं नसावं.

नगरला परतल्यावर ओळखपत्र दुरुस्त करायला गेले. खिडकीतल्या बाबूने वयाचा पुरावा मागितला. मी विचारलं, पुरावा म्हणून काय चालेल? म्हणाला, "मतदार ओळखपत्र असेल तर आणा." मी ते त्याच्यासमोर धरलं, त्याच्या चेहऱ्याकडे पुरेसं पाहून घेतलं आणि घरी आले. तसंच ठेवलं आहे.

पुढच्या डिसेंबरात मी नेहमीप्रमाणे एसटीडी बूथवरून ॲग्नेसला फोन लावला आणि विचारलं, यंदा येताना काय आणू?

"काही नको. बाटली मी कधीच आणून ठेवलीय," ती म्हणाली. "तू नुसती ये. आणि लक्षात ठेव, सोळा वर्षांच्या मुलीला मी फक्त केक देणार."