दोन झोपाळ्यांची बाग

अर्ल टॅकेटनं एका लहान पोरीवर हात टाकून तिचं वाटोळं केलं होतं. ते तोही नाकारत नव्हता. सजा भोगून तो अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आपल्या गावी, आईकडे राहायला आला आणि कायद्याप्रमाणे ठाण्यात नाव-पत्ता नोंदवत राहिला. आई ओडेसा अंथरुणाला खिळलेली. कूस बदलायलाही तिला तोच लागे.

त्याला हुसकायला शेजाऱ्यांनी डोकं लढवलं. समोरच्या पडीक जागेत दोन झोपाळे टांगले आणि ‘बाग’ अशी पाटी ठोकली. पोरांच्या बागेजवळ अशा गुन्हेगारानं राहायचं नाही, असा तिथला कायदा.

शेरीफचा शिपाई डॅरिल दारात आला. “दिवसा ये, आईला भरव. झोपायचं मात्र इथं नाही.”

“मग रात्री हिला कोण बघणार?”

“मला नको विचारू. झोपाळे मी नाही टांगले.”

आतून ओडेसा म्हणाली, “डॅरिल, मग मलाही टाक की, तो झोपेल तिथं.”

“तो गाडीत झोपणार, मावशी.”

झोपाळ्यांखाली आता गुडघाभर गवत आहे. एकही पोर तिकडं फिरकत नाही. संध्याकाळी मक्याच्या कण्या भरवून होतात न होतात, तोच ओडेसा म्हणते, “निघ बाबा, ऊन उतरलं. पुन्हा आत टाकतील.” अर्ल तिला भिंतीकडे कुशीवर वळवून जातो. सकाळी येतो, तेव्हा ती त्याच कुशीवर असते.